वेळेची वाटणी : संगणकातील सहकार आणि शिस्त

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील व्याख्यानाचा मजकूर, स्मरणिकेच्या वाचकांसाठी किंचित विस्ताराने.)





शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून संगणकाविषयी बोलावयाचे म्हणजे एक तर त्याचे गुणगान करावयाचे, नाही तर त्याच्या दुष्परिणामांचा इशारा द्यावयाचा, अशी प्रथा पडून गेली आहे. आज मी यांपैकी काहीच करणार नाही. संगणकाच्या पोटातला एक जुना प्रश्न मी आपल्यापुढे मांडणार आहे. तो प्रश्न आहे वेळेच्या वाटणीचा. काम करणारा एक आणि काम घेऊन आलेले अनेक, अशा वेळी कोणाला किती वेळ द्यावयाचा आणि तो कोणी ठरवावयाचा? घरगुती संगणक बनविणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनी १९८० नंतरच्या दशकात ह्या प्रश्नाला दोन वेगवेगळी उत्तरे दिली. त्यांतले एक उत्तर सोपे होते, पण पुढे फार महाग पडले. ते का महाग पडले, हे समजून घेण्यासारखे आहे. वाचकहो, आपण संगणकाचे विद्यार्थी नसलात तरी काळजी नको. विषय यंत्राचा असला तरी व्यवहार ओळखीचा आहे.

एकच कारागीर

रमजानचा शेवटचा आठवडा आहे असे समजा. मोहल्ल्यात शिंपी एकच, आणि ईदसाठी कपडे शिवून घेणारी गिऱ्हाइके दहा. शिंप्याला हात दोनच आणि मशीन एकच. एका वेळी तो एकच कपडा शिवू शकतो. परंतु त्याने एका सदऱ्याची बाही, मग दुसऱ्याची कॉलर, मग तिसऱ्याची सलवार अशी आलटून पालटून कामे घेतली, तर दहाही गिऱ्हाइकांना आपले काम चालू असल्याचे समाधान मिळते.

संगणकातला प्रोसेसर हा असा शिंपी होय. त्या काळचा प्रोसेसर एका क्षणी एकच सूचना पाळी, पण इतक्या वेगाने की आपल्याला सर्व कामे एकदम चालल्यासारखी वाटत. १९८१ सालच्या ऑगस्टमध्ये आयबीएम कंपनीने आपला घरगुती संगणक बाजारात आणला. त्यातल्या इंटेल ८०८८ ह्या प्रोसेसरचे ठोके सेकंदाला ४७ लाख ७० हजार पडत. आजच्या मानाने हा वेग नगण्य आहे, परंतु माणसाच्या बोटांच्या मानाने प्रचंड आहे. माणूस एक अक्षर टंकून दुसरे टंकीपर्यंत हा प्रोसेसर नुसता वाट पाहत बसे.

त्या संगणकावर चालणारी डॉस ही प्रणाली मात्र एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवी. पत्र लिहिता लिहिता हिशेब पाहावयाचा झाला तर पत्राचा प्रोग्रॅम बंद करा, हिशेबाचा उघडा, तो बंद करा आणि पुन्हा पत्राकडे या. लोकांना हे जाचू लागले. मग काही हुशार प्रोग्रॅमकारांनी पळवाट काढली. आपला छोटा प्रोग्रॅम मेमरीत दडवून ठेवावयाचा आणि ठरावीक कळा दाबताच तो पुढे आणावयाचा. बोरलँड कंपनीचा १९८४ सालचा साइडकिक हा असाच प्रोग्रॅम होता. पण ही खरी वाटणी नव्हती, घुसखोरी होती. डॉसच्या आतले काम अर्धवट असताना दुसऱ्याने तेच काम सांगितले तर डॉसचा गोंधळ उडे, कारण एका वेळी दोघांची चाकरी करण्यासाठी ते घडविलेलेच नव्हते.

तेव्हा गरज उघड होती. वेळेची वाटणी नीट, नियमाने व्हावयास हवी होती.

दोन पद्धती

वाटणीच्या दोन पद्धती आहेत. पहिलीला इंग्रजीत को-ऑपरेटिव्ह मल्टिटास्किंग म्हणतात. मी तिला सहकारी पद्धत म्हणेन. दुसरी प्रिएम्प्टिव्ह मल्टिटास्किंग. तिला आपण हस्तक्षेपी पद्धत म्हणू.

शिंप्याच्या दुकानातच दोन्ही पाहू. सहकारी पद्धतीत शिंपी ज्याचे काम हाती घेतो, ते गिऱ्हाईक शेजारी बसून असते. ‘‘मियाँ, माझे तूर्त पुरे, आता दुसऱ्याचे घ्या’’ असे ते आपण होऊन म्हणेपर्यंत शिंपी त्याचाच कपडा शिवीत राहतो. गिऱ्हाइके समजूतदार असली तर दुकान उत्तम चालते. एखादे जरी हट्टी निघाले, किंवा बसल्या बसल्या झोपी गेले, तर बाकीचे नऊ जण ताटकळतात. शिंप्यालाही काही करता येत नाही.

हस्तक्षेपी पद्धतीत दुकानाच्या मालकापाशी एक घंटा असते. ठरावीक वेळ झाला की घंटा वाजते. शिंपी असेल त्या टाक्यावर सुई थांबवितो, कपड्यावर खडूने खूण करतो, घडी घालून बाजूला ठेवतो आणि पुढचा कपडा घेतो. गिऱ्हाइकाची संमती विचारली जात नाही. खडूची खूण असल्यामुळे पुढच्या खेपेस काम नेमके तेथूनच सुरू होते.

संगणकात ही घंटा म्हणजे एक लहानशी घड्याळ-चिप असते. आयबीएमच्या त्या पहिल्या संगणकातही ती होती. सेकंदाला सुमारे १८.२ वेळा ती प्रोसेसरला इशारा देई. ह्या इशाऱ्याला इंटरप्ट म्हणतात. इशारा आला की प्रोसेसर चालू सूचना पुरी करतो, आपण कोठे होतो ते नोंदवून ठेवतो आणि प्रणालीने नेमून दिलेल्या जागी उडी घेतो. प्रणाली मग प्रोसेसरच्या आतल्या सर्व कप्प्यांतील मजकूर, म्हणजे ती खडूची खूण, मेमरीत जपून ठेवते आणि दुसऱ्या प्रोग्रॅमची खूण काढून त्याला पुढे चालविते. सेकंदाला ५० वेळा घंटा वाजली आणि ५ प्रोग्रॅम चालू असले, तर प्रत्येकाला सेकंदात १० खेपा मिळतात. माणसाला खंड जाणवतही नाही.

घंटा डॉसच्या संगणकात होतीच, पण डॉस तिचा उपयोग प्रोग्रॅम बदलण्यासाठी करीत नसे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. साधन हाती असणे वेगळे आणि त्याभोवती व्यवस्था उभी करणे वेगळे.

सौजन्यावर चाललेला कारभार

ॲपल कंपनीचा मॅकिन्टॉश १९८४ सालच्या २४ जानेवारीस लोकांसमोर आला. चित्रांचा पडदा आणि माउस यांमुळे त्याने सर्वांना मोहून टाकले. त्याची मेमरी मात्र अवघी १२८ किलोबाइट, आणि त्यातली सुमारे २२ किलोबाइट नुसत्या पडद्याच्या चित्रालाच लागत. त्यामुळे तोही एका वेळी एकच मोठा प्रोग्रॅम चालवी. पुढे मेमरी वाढली आणि १९८७ साली मल्टिफाइंडर ही सोय आली. आता अनेक प्रोग्रॅम एकत्र उघडे ठेवता येऊ लागले, पण सहकारी पद्धतीने. प्रोग्रॅम जेव्हा ‘पुढची घटना कोणती?’ असे प्रणालीला विचारी, तेवढ्याच क्षणी प्रणाली दुसऱ्याला संधी देऊ शके. विचारलेच नाही तर संधी नाही.

मायक्रोसॉफ्टचे विंडोज १९८५ च्या नोव्हेंबरात आले. तेही ह्याच वाटेने गेले. प्रोग्रॅमने आपला निरोप मागावयाचा, निरोपाप्रमाणे काम करावयाचे, ते चटकन संपवावयाचे आणि पुन्हा निरोप मागावयास यावयाचे. १९९० चे विंडोज ३.० आणि १९९२ चे ३.१ जगभर पसरले, तेव्हाही विंडोजच्या प्रोग्रॅमांसाठी कायदा हाच होता.

ह्यात एक विसंगती होती. इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर विंडोज ३.० जुने डॉसचे प्रोग्रॅम एकेका वेगळ्या कोंडवाड्यात घालून चालवी, आणि ह्या कोंडवाड्यांमध्ये वेळेची वाटणी घड्याळानेच करी. म्हणजे ज्यांना वाटणीची कल्पनाही नव्हती, अशा जुन्या प्रोग्रॅमांना शिस्तीने वेळ मिळे, आणि विंडोजसाठी मुद्दाम लिहिलेले नवे प्रोग्रॅम मात्र एकमेकांच्या भलमनसाईवर अवलंबून राहत.

वापरणाऱ्याला ह्याचा अर्थ काय भोगावा लागे? ज्यांनी ते संगणक वापरले त्यांना आठवत असेल. एक प्रोग्रॅम लांबलचक हिशेबात शिरला की पडद्यावर वाळूच्या घड्याळाचे चित्र येई आणि सारेच ठप्प होई. मॅकिन्टॉशवर माउसने एखादा मेनू नुसता खाली ओढून धरला, तरी बाकीच्या प्रोग्रॅमांची कामे थांबत. बाणाची खूण तेवढी पडद्यावर फिरत राही, कारण तिला हलविण्याचे काम इंटरप्टवर चाले. बाण फिरतो आहे आणि हाकेला ओ कोणीच देत नाही, असा तो चमत्कारिक देखावा असे. आणि एखाद्या प्रोग्रॅममध्ये चूक असून तो न संपणाऱ्या फेऱ्यात अडकला, तर बहुतेक वेळा यंत्र बंद करून पुन्हा चालू करणे एवढाच उपाय उरे. दोष एका प्रोग्रॅमचा, आणि पाणी सर्वांच्या कामावर. शेजारच्या खिडकीत जतन न केलेला निबंध, प्रबंधाचे प्रकरण, दुकानाची दिवसभराची नोंद, जे असेल ते जाई.

मग इतक्या बुद्धिमान लोकांनी ही पद्धत स्वीकारली तरी का? त्यांनाही न्याय दिला पाहिजे. पहिले कारण मेमरीचे. प्रत्येक प्रोग्रॅमचा वेगळा संसार मांडावयास जागा लागते. दुसरे कारण जुन्या प्रोग्रॅमांचे. मॅकिन्टॉशचे प्रोग्रॅम आपण एकटेच आहोत असे गृहीत धरून लिहिलेले होते. प्रणालीच्या काही नोंदी मेमरीच्या ठरलेल्या कप्प्यांत असत आणि जो तो त्यांना हात लावी. मध्येच थांबवून दुसऱ्याला आणले असते तर ह्या नोंदींची सरमिसळ झाली असती. प्रोग्रॅम स्वतः थांबतो तेव्हा त्याचे घर आवरलेले असते, म्हणून तेथे बदल करणे निर्धोक. तिसरे कारण सोपेपणाचे. आपल्याला कोणीही मध्येच तोडणार नाही, ही खात्री असली की प्रोग्रॅम लिहिणे फार सुकर होते. तेव्हा ही निवड मूर्खपणाची नव्हती. त्या दिवसापुरती ती शहाणपणाचीच होती. अडचण त्यानंतरच्या दिवसांची होती.

घड्याळाचा पहारा

हस्तक्षेपी पद्धत तोपर्यंत कोणाला सुचली नव्हती असे मात्र नाही. ती घरगुती संगणकाच्या वीस वर्षे आधीची आहे. अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या नोव्हेंबरात सीटीएसएस ह्या वेळ वाटून देणाऱ्या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखविले. एका मोठ्या संगणकासमोर अनेक जण आपापल्या टंकयंत्रावर बसत आणि प्रत्येकाला यंत्र आपलेच वाटे. कोर्बाटोंना १९९० साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तो ह्याच क्षेत्रातील कार्यासाठी. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी सुरू केलेल्या युनिक्सनेही घड्याळाचीच पद्धत ठेवली.

ह्यामागे एक साधा विचार होता. मोठ्या संगणकावर काम करणारे लोक एकमेकांना ओळखत नसत. अनोळखी माणसांच्या सौजन्यावर सर्वांचे काम सोपवून चालत नाही. घरगुती संगणकाच्या रचनाकारांना वाटले की येथे मालक एकच, मग भांडण कोणाशी? त्यांच्या हे लक्षात आले नाही की मालक एक असला तरी प्रोग्रॅम निरनिराळ्या कंपन्यांचे, निरनिराळ्या हातांचे असतात. एकाच टेबलावर अनोळखी लोकांची गर्दी जमणार होती.

आपल्या परंपरेतला एक दाखला येथे आठवतो. मध्ययुगात मोठ्या मशिदींतून मुवक्कित नावाचा अधिकारी नेमलेला असे. नमाजांच्या वेळा गणिताने ठरविणे हे त्याचे काम. दमास्कसच्या उमय्यद मशिदीत चौदाव्या शतकात इब्न अल्-शातिर हा थोर खगोलशास्त्रज्ञ ह्या जागेवर होता. वेळ ठरविण्याचे काम ज्याच्या त्याच्या सोयीवर न सोडता जाणत्या आणि तटस्थ माणसाकडे सोपविले, तर कोणाचा कोणावर रोष राहत नाही. संगणकाच्या प्रणालीतला वेळ वाटणारा भाग हा असाच मुवक्कित होय.

दोन गैरसमज

ह्या विषयात दोन गैरसमज वारंवार आढळतात. ते येथे दूर करू.

पहिला गैरसमज असा की घड्याळाच्या पद्धतीस मोठे, महागडे यंत्र लागते. कमोडोर कंपनीचा अमिगा संगणक १९८५ च्या जुलैत आला. त्याचा प्रोसेसर मॅकिन्टॉशचाच, म्हणजे मोटोरोला ६८०००. मेमरी २५६ किलोबाइट. आणि कार्ल सॅसेनरॅथ यांनी लिहिलेला त्याच्या प्रणालीचा गाभा पूर्णपणे हस्तक्षेपी पद्धतीचा होता. त्याही आधी, मॅकिन्टॉशच्या बारा दिवस अगोदर, १२ जानेवारी १९८४ रोजी ब्रिटनमध्ये सिंक्लेअर क्यूएल हा १२८ किलोबाइटचा स्वस्त संगणक जाहीर झाला. टोनी टेबी यांनी लिहिलेली त्याची प्रणालीही घड्याळानेच वेळ वाटी. तेव्हा यंत्र तोकडे होते हे कारण अर्धेच खरे. ज्यांनी पाया घालतानाच वाटणीचा विचार केला त्यांना ती लहान यंत्रावरही साधली. ज्यांनी इमारत बांधल्यावर केला त्यांना अवघड गेली.

दुसरा गैरसमज असा की वेळेची वाटणी घड्याळाने केली की संगणक सुरक्षित झाला. तसे नाही. पहारे दोन लागतात, एक वेळेचा आणि एक जागेचा. अमिगात वेळेचा पहारा होता, पण मेमरीला कुंपण नव्हते. एक प्रोग्रॅम दुसऱ्याच्या, एवढेच काय प्रणालीच्याही मेमरीत खुशाल लिहू शके. शिवाय प्रोग्रॅमला हवे तर वाटणीच काही काळ बंद ठेवण्याची आज्ञा देता येई. त्यामुळे तोही यंत्र कोलमडून पडे. जागेचा पहारा देण्यासाठी प्रोसेसरमध्येच सोय लागते. सामान्य प्रोग्रॅमला घंटा बंद करण्याचा अधिकार नाही आणि दुसऱ्याच्या जागेत पाऊल टाकण्याचाही नाही, असे प्रोसेसरनेच बजावावे लागते. इंटेलने ही सोय १९८२ च्या २८६ मध्ये आणि अधिक चांगल्या रीतीने १९८५ च्या ३८६ मध्ये दिली.

तिसरीही एक गोष्ट आहे. आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून १९८७ च्या डिसेंबरात ओएस-टू ही प्रणाली आणली. तिच्यात घड्याळाची वाटणी होती आणि मेमरीला कुंपणही होते. परंतु पुढे आलेल्या तिच्या चित्रमय पडद्यासाठी कळा आणि माउस यांचे निरोप एकाच रांगेतून जात. एका प्रोग्रॅमने आपला निरोप उचलला नाही की मागचे सगळे निरोप अडत. आत सर्व प्रोग्रॅम जिवंत आणि चालू, पण बाहेर बसलेल्या माणसाला यंत्र मेल्यासारखेच दिसे. नव्वद टक्के कारभार शिस्तीत नेला आणि एक दरवाजा सौजन्यावर सोडला, तर लोकांना अनुभव त्या दरवाजाचाच येतो.

उशिरा केलेल्या दुरुस्तीची किंमत

मायक्रोसॉफ्टने १९९३ च्या जुलैत विंडोज एनटी आणले. डिजिटल कंपनीतून आलेले डेव्ह कटलर हे त्याचे प्रमुख शिल्पकार. त्यात दोन्ही पहारे पहिल्यापासून होते. पण त्याला किमान १२ मेगाबाइट मेमरी लागे आणि त्या काळी ती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. म्हणून २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आले. ते ४ मेगाबाइटवर चाले, आणि त्यात तडजोड होती. नव्या, ३२ बिटांच्या प्रोग्रॅमांना घड्याळाची वाटणी. जुने १६ बिटांचे प्रोग्रॅम मात्र आपसात सहकारी पद्धतीनेच चालणार. जुना प्रणालीभाग एका वेळी एकालाच वापरता यावा म्हणून त्याला एक कुलूप ठेवलेले होते. जुना प्रोग्रॅम ते कुलूप हातात घेऊन अडकला, तर नव्या प्रोग्रॅमांनाही खोळंबावे लागे. सामान्य घरांतून ही तडजोड पूर्णपणे गेली ती एनटीच्या पायावर उभारलेले विंडोज एक्सपी २००१ साली आल्यावर.

ॲपलची कहाणी अधिक बोधप्रद आहे. १९९१ च्या सिस्टिम ७ मध्ये सहकारी पद्धत कायमची आत गेली. तिच्यावर हजारो प्रोग्रॅम लिहिले गेले, आणि प्रत्येक प्रोग्रॅम ‘मला कोणी मध्येच थांबविणार नाही’ ह्या विश्वासावर उभा होता. पुढे कंपनीला बदल करावासा वाटला. कोपलँड नावाची नवी प्रणाली १९९४ साली जाहीर झाली आणि १९९६ च्या ऑगस्टमध्ये सोडून द्यावी लागली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ॲपलने स्टीव्ह जॉब्ज यांची नेक्स्ट कंपनी ४० कोटी डॉलरहून अधिक किमतीस घेण्याचे जाहीर केले. नेक्स्टच्या प्रणालीत दोन्ही पहारे पूर्वीपासून होते. तिच्या पायावर उभी राहिलेली मॅक ओएस टेन २४ मार्च २००१ रोजी बाजारात आली. मल्टिफाइंडरपासून मोजले तर चौदा वर्षे झाली होती.

जुन्या प्रोग्रॅमांचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. सबंध जुनी प्रणालीच एका बंद खोलीत बसविली आणि ती खोली नव्या प्रणालीचा एक प्रोग्रॅम म्हणून चालविली. खोलीच्या आत जुनी मंडळी पूर्वीप्रमाणे एकमेकांच्या सौजन्यावर चालत. खोलीबाहेर घड्याळाचे राज्य. आतल्या एकाने घोळ घातला तर ती खोली कोलमडे, घर नाही.

मित्रहो, पायातला दगड बदलणे किती कठीण असते ते ह्यावरून दिसते. नियम नंतर लावू, आज काम तर चालू होऊ दे, असे आपण अनेक ठिकाणी म्हणतो. परंतु नियम नसण्यावर विसंबून माणसे आपापली कामे उभारीत जातात, आणि मग नियम आणणे म्हणजे त्या प्रत्येकाचे काम मोडणे होऊन बसते.

शिस्तीलाही किंमत असते

तथापि घड्याळ आले आणि सर्व संकटे संपली, असे सांगितले तर ते अर्धसत्य होईल. हस्तक्षेपी पद्धतीची स्वतःची जोखीम आहे.

असे समजा की शाळेच्या फीच्या वहीत शिल्लक ५०० रुपये आहे. दोन कारकून प्रत्येकी १०० रुपये जमा करणार आहेत. पहिल्याने ५०० हा आकडा वाचला, आणि तेवढ्यात घंटा झाली. दुसऱ्याने येऊन ५०० वाचले, १०० मिळविले आणि ६०० लिहिले. पुन्हा पहिल्याची खेप आली. त्याच्या मनात ५०० च आहेत. त्यानेही ६०० लिहिले. जमा झाले दोनशे, वहीत चढले शंभर. दोघांनीही आपले काम चोख केले, तरी हिशेब चुकला. म्हणून सामाईक वहीला कुलूप लागते. एकाचे वाचून लिहून पुरे होईपर्यंत दुसऱ्याने थांबावयाचे. सहकारी पद्धतीत ही भीती फारशी नसते, कारण तेथे माणूस आपले वाक्य पुरे करूनच उठतो.

ह्या चुका फार लबाड असतात. घंटा नेमकी त्याच क्षणी वाजली तरच त्या दिसतात, त्यामुळे हजार चाचण्यांतून सुटून जातात. कर्करोगावरील किरणोपचारासाठी बनविलेल्या थेराक-२५ ह्या यंत्राकडून १९८५ ते १९८७ ह्या काळात उत्तर अमेरिकेत सहा अपघात झाले. रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण मिळाले आणि काही दगावले. कारणे अनेक होती. त्यांतील एक हे की यंत्राच्या प्रोग्रॅममधील निरनिराळी कामे सामाईक माहिती पुरेशा कुलपांशिवाय वापरीत होती. यंत्र चालविणाऱ्याने मजकूर फार चपळाईने दुरुस्त केला की एका कामाला बदल कळे, दुसऱ्याला कळत नसे.

दुसरे उदाहरण सुखान्त आहे. ४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर हे अमेरिकेचे यान मंगळावर उतरले आणि काही दिवसांनी त्याचा संगणक पुन्हा पुन्हा आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. कारण असे निघाले की हवामान नोंदविणाऱ्या कनिष्ठ कामाच्या हाती एक कुलूप होते. वरिष्ठ काम त्या कुलपासाठी थांबलेले. आणि मधल्या दर्जाचे एक काम कनिष्ठाला बाजूला सारून वेळ घेत राही. म्हणजे मधल्याने नकळत वरिष्ठाला रोखून धरले. उपाय असा, की कनिष्ठाच्या हातात असे कुलूप असेतो त्याला वरिष्ठाचा दर्जा द्यावयाचा. ही सोय त्या प्रणालीत होती, पण चालू केलेली नव्हती. अभियंत्यांनी पृथ्वीवरून आज्ञा पाठवून ती चालू केली आणि यान नीट काम करू लागले.

तेव्हा घड्याळ आणावयाचे तर कुलपेही आणली पाहिजेत, आणि कुलपे आणली तर ती कोणाच्या हाती, किती वेळ, ह्याचाही नियम हवा.

आजची स्थिती आणि विद्यार्थ्यांना दोन शब्द

आज आपल्या खिशातल्या फोनपासून टेबलावरच्या संगणकापर्यंत प्रोग्रॅमांमधील वाटणी घड्याळानेच होते. मग सहकारी पद्धत संपली काय? मुळीच नाही. ती आपल्या योग्य जागी गेली. इंटरनेटचे पान आपण उघडतो तेव्हा त्या पानातला जावास्क्रिप्टचा मजकूर आजही आपले काम पुरे करूनच दुसऱ्याला वाट देतो. एकाच प्रोग्रॅमच्या आत, एकाच हाताने लिहिलेल्या कामांना ही रीत सोपी आणि वेगवान पडते. पण एक पान अडकले म्हणून बाकीची अडकू नयेत, ह्यासाठी गुगलच्या क्रोम ब्राउझरने २००८ पासून पाने वेगवेगळ्या प्रक्रियांत विभागून चालविली. गुगलचीच गो ही संगणक-भाषा पाहा. तिच्यात कामे बऱ्याच अंशी स्वतःहून जागा देत असत. काही विशिष्ट फेऱ्यांत काम अडकून बसते असे दिसल्यावर २०२० च्या फेब्रुवारीतील आवृत्तीत तिनेही मध्येच थांबविण्याची सोय आणली. १९६१ साली शिकलेला धडा पुन्हा गिरवावा लागला.

ह्या सर्वांतून मला जे दिसते ते असे. घरात सहकार पुरतो, बाजारात नियम लागतो. सहकार हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. आपल्या गावोगावी सहकारी पतपेढ्या आहेत, साखर कारखाने आहेत. पण त्या सहकारालाही १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आहे, निबंधक आहे, दरवर्षीचे लेखापरीक्षण आहे. हा सहकारावरचा अविश्वास नव्हे. शेकडो अनोळखी सभासदांमध्ये विश्वास टिकावा म्हणून केलेली ती तजवीज आहे. घड्याळ आणि कुंपण यांमुळे प्रोग्रॅम वाईट ठरत नाहीत. एकाच्या चुकीची शिक्षा दुसऱ्याला होत नाही, एवढेच.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटची गोष्ट खास तुमच्यासाठी. १९९१ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणारा एकवीस वर्षांचा लिनस टोरवाल्ड्स आपल्या नव्या ३८६ संगणकावर प्रयोग करीत होता. शाळकरी वयात त्याने तोच सिंक्लेअर क्यूएल वापरला होता, ज्याचा उल्लेख मी मघाशी केला. त्याचा आरंभीचा एक प्रयोग अगदी लहान होता. दोन कामे लिहावयाची, एकाने पडद्यावर ‘ए’ हे अक्षर उमटवीत राहावयाचे, दुसऱ्याने ‘बी’, आणि घड्याळाच्या इशाऱ्यावर आलटून पालटून दोघांना चालवावयाचे. पडद्यावर काही ए, मग काही बी, मग पुन्हा ए दिसू लागले. त्या प्रयोगातून वाढत गेलेली लिनक्स ही प्रणाली आज जगातल्या असंख्य सर्व्हरांवर आणि प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात आहे.

तुमच्या हाती आज असलेला साधा फोनसुद्धा त्या ३८६ पेक्षा कितीतरी सामर्थ्यवान आहे. उणीव यंत्राची नाही. आत काय चालते, हे विचारण्याची सवय तेवढी हवी. यंत्र अडकले की केवळ बंद करून चालू करू नका. कोण कोणासाठी थांबले आहे, कुलूप कोणाच्या हाती आहे, घंटा कोणाला ऐकू गेली नाही, असे प्रश्न स्वतःला विचारा. मुलींनाही मी हे तितक्याच आग्रहाने सांगतो. ह्या विद्येत शारीरिक बळ लागत नाही, दूर परगावी जाण्याचीही सक्ती नाही. लागते ती चिकाटी आणि स्वच्छ विचार, आणि ह्या दोन्ही बाबतींत आमच्या मुली कोठेही मागे नाहीत.

पालकांना व संस्थेच्या चालकांना एकच विनंती. संगणकाची खोली म्हणजे केवळ पत्र टंकावयाची आणि तक्ते भरावयाची जागा असे न समजता, मुलांना तेथे लहान लहान प्रयोग करू द्यावेत. त्यात चुका होतील, यंत्रे अडकतील. त्याने काही बिघडत नाही.

 अल्लाहतआला ह्या संस्थेची उत्तरोत्तर भरभराट करो आणि येथील मुलामुलींना उपयोगी पडणारी विद्या देवो, ही दुआ करून आपली रजा घेतो.

खुदा हाफिज.